पाचवी कुणी नव्हती

५ ऑगस्ट १९९६ रोजी जपानमध्ये 'बॉडी अँड सोल' नावाची एक सीडी बाजारात आली. गाणाऱ्या चार मुलींपैकी एक त्या वर्षी सहावीत होती, दुसरी सातवीत, तिसरी आठवीत आणि चौथी नववीत. हिरोको शिमाबुकुरो आणि एरिको इमाई बारा वर्षांच्या, ताकाको उएहारा तेराची आणि हितोए आराकाकी पंधराची. चौघीही ओकिनावाच्या. गटाचं नाव स्पीड. पुढच्या सव्वा वर्षात या मुली जपानमधल्या सर्वाधिक खपाच्या गायिकांमध्ये जाऊन बसल्या, दोन वर्षांत बेसबॉलची अवाढव्य बंदिस्त मैदानं भरवू लागल्या, आणि ३१ मार्च २००० रोजी गट विसर्जित झाला. सगळा कारभार जेमतेम पावणेचार वर्षांचा.

हे पुस्तक त्या पावणेचार वर्षांविषयी आहे. मराठीत जपानी साहित्य आलं, सिनेमा आला, आता ॲनिमे पाहणारी एक पिढीच तयार झाली आहे. पण जपानच्या लोकप्रिय गाण्याबद्दल आपल्याकडे फारसं लिहिलं गेलेलं नाही. जे थोडं लिहिलं जातं ते 'आयडॉल' या एका शब्दापाशी येऊन थांबतं. गोड चेहऱ्याच्या कोवळ्या मुली, त्यांच्यावर जीव ओवाळून टाकणारे चाहते, मागे पैसा मोजणारी कंपनी, असं ते चित्र. चित्र खोटं नाही. पण त्यात मुली दिसतात आणि त्यांचं काम दिसत नाही. स्पीडच्या बाबतीत मला काम महत्त्वाचं वाटतं. बारा-तेरा वर्षांच्या मुलींनी केलेलं, मोठ्या माणसांनाही दमवील असं काम. आणि ते त्याच चौघींनी केलं म्हणून उभं राहिलं. त्यांच्यातली एक काढून दुसरी घातली असती तर ते तसं झालं नसतं, हे त्यांच्या कारकिर्दीतल्या जवळजवळ प्रत्येक वळणावर दिसतं. या पुस्तकाचा कणा तोच आहे.

सुरुवात ओकिनावापासून करायला हवी. नकाशावर पाहिलं तर जपानच्या मुख्य बेटांपासून नैर्ऋत्येला, तैवानच्या दिशेने पसरलेली ही बेटांची माळ. राजधानी नाहा टोकियोपासून दीड हजार किलोमीटरहून लांब. पूर्वी इथे र्युक्यू नावाचं स्वतंत्र राज्य होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानने ते आपल्यात सामावून घेतलं. १९४५च्या लढाईत ओकिनावाच्या लोकसंख्येतला सुमारे चौथा हिस्सा मारला गेला. युद्धानंतर सत्तावीस वर्षं बेटं अमेरिकेच्या ताब्यात राहिली. चलन डॉलर, गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने, आणि जपानच्या मुख्य भूमीवर जायचं तर प्रवासाचं परवानापत्र. १५ मे १९७२ रोजी ओकिनावा जपानकडे परत आलं, अमेरिकी लष्कराचे तळ मात्र गेले नाहीत. देशाच्या क्षेत्रफळाचा ०.६ टक्का भाग या प्रांताचा, आणि नव्वदच्या दशकात जपानमधल्या अमेरिकी तळांच्या जमिनीपैकी सुमारे ७५ टक्के जमीन इथली. दरडोई उत्पन्नात हा प्रांत वर्षानुवर्षं देशाच्या तळाशी.

तळांबरोबर संगीतही आलं. कोझा गावातल्या बारमध्ये स्थानिक वादक अमेरिकी सैनिकांसाठी रॉक वाजवत. श्रोते चोखंदळ आणि तापट, वाजवणं बरं नसेल तर तिथल्या तिथे कळायचं. एकीकडे सानशिन या तंतुवाद्यावर गायली जाणारी स्वतःची लोकगीतं, दुसरीकडे तळांच्या रेडिओवरचं अमेरिकी संगीत, अशा घरांतून वाढलेल्या मुलांच्या कानाला ताल वेगळाच बसला होता. जपानच्या पहिल्या आयडॉलांमध्ये जिचं नाव घेतलं जातं ती साओरी मिनामी हिचं पदार्पण जून १९७१चं, म्हणजे ओकिनावा परत येण्याच्या वर्षभर आधीचं. आणि ती ओकिनावाचीच. पुढे सत्तरच्या दशकात फिंगर फाइव्ह या भावंडांच्या गटाने धुमाकूळ घातला, तीही भावंडं तिथलीच. स्पीडबद्दल बोलताना 'अचानक उगवलेल्या' असं म्हटलं जातं, तेव्हा ही पूर्वपीठिका विसरली जाते.

१९८३मध्ये नाहात ओकिनावा अ‍ॅक्टर्स स्कूल सुरू झालं. ते काढणारे मासायुकी माकिनो मूळचे ओकिनावाचे नव्हेत. जपानी चित्रपटाचे जनक म्हणवले जाणारे शोझो माकिनो हे त्यांचे आजोबा, वडील मासाहिरो माकिनो नावाजलेले दिग्दर्शक, आई अभिनेत्री. अशा घरातला माणूस टोकियो सोडून दक्षिणेच्या टोकाला जातो आणि तिथे मुलांना नाच-गाणं शिकवतो, याला कारण त्यांची एक पक्की धारणा होती: ओकिनावाच्या मुलांमध्ये जे आहे ते टोकियोतल्या मुलांमध्ये नाही. या धारणेतली वडीलधारी आपुलकी आणि त्यातलाच थोडा प्रदेशाबद्दलचा साचेबंद विचार, दोन्ही नीट पाहण्यासारखं आहे. पण शाळेने माणसं घडवली हे निर्विवाद. स्पीडच्या चौघी याच शाळेच्या, आणि त्यांच्या आधीची गायिका नामिए आमुरोही. घरची ओढग्रस्तीची परिस्थिती, बसच्या भाड्याचे पैसे वाचवायला ती दूरवरून चालत येत असे, ही गोष्ट जपानमध्ये सर्वांना पाठ आहे. १९९२मध्ये सुपर मंकीज या गटातून ती पुढे आली आणि १९९६पर्यंत तिच्यासारखे जाड टाचांचे बूट घालून, तशाच बारीक भुवया कोरून फिरणाऱ्या तरुणींचे थवे टोकियोतल्या शिबुयाच्या रस्त्यांवर दिसू लागले होते. सुपर मंकीजमध्ये माकिनोंची मुलगी आन्नाही होती. ती लवकरच गटातून बाहेर पडली आणि शाळेत शिकवू लागली.

या शाळेची पद्धत थोडक्यात अशी: गाणं आणि नाच वेगळे शिकवायचे नाहीत. नाचतानाच गायचं, दम लागला तरी सूर सोडायचा नाही. हे वाचायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात उड्या मारताना फुप्फुसातली हवा झटक्याने बाहेर पडते, आणि नेमक्या त्याच क्षणी वरचा सूर धरून ठेवायचा असतो. आवाज थरथरतो, शब्दाचा शेवट गिळला जातो. बहुतेक गट यातून वाट काढतात ती नाच हलका करून, नाहीतर आधी ध्वनिमुद्रित केलेल्या आवाजावर ओठ हलवून. अ‍ॅक्टर्स स्कूलच्या मुलींना ही पळवाट लहानपणीच बंद झालेली होती. स्पीडची जुनी थेट चित्रणं पाहिली तर हिरोकोच्या मानेच्या शिरा ताणलेल्या दिसतात, दोन ओळींच्या मधला श्वास ऐकू येतो. तो श्वास झाकायचा कुणी प्रयत्न केलेला नाही.

इथे जपानी आयडॉलच्या परंपरेशी स्पीडची फारकत होते. १९८५मध्ये फुजी टीव्हीवर संध्याकाळच्या कार्यक्रमातून ओन्यांको क्लब हा शाळकरी मुलींचा मोठा गट आला, त्याची सगळी मोहिनी मुलींच्या कच्चेपणात होती. शेजारच्या बाकावरची मुलगी टीव्हीवर आली आहे असं वाटलं पाहिजे, गाणं फार चांगलं आलं तर ती जवळीक कमी होते, असा तो हिशोब. त्या गटाचे गीतकार यासुशी आकिमोतो यांनी पुढे तोच विचार एकेबी४८ या गटात कितीतरी मोठ्या प्रमाणावर राबवला. (त्याच कुळातली एक शाखा मुंबईत काढण्याची घोषणा २०१७मध्ये झाली होती; ती रंगमंचापर्यंत पोचली नाही.) नव्वदच्या सुरुवातीला मात्र ओन्यांकोची लाट ओसरून आयडॉलांचे वाईट दिवस आले होते. लोकांना आता गाता येणारी माणसं हवी होती. घराघरांत, गल्लोगल्ली कराओके पोचलं होतं. टेलिफोनच्या तारेवरून गाणी पुरवणाऱ्या यंत्रणेमुळे आज आलेलं गाणं थोड्याच दिवसांत कराओकेच्या खोलीत गाता यायचं. गायला अवघड आणि म्हणूनच गाऊन पाहावंसं वाटणारं गाणं त्या काळाला हवं होतं. अशा वेळी चार मुली आल्या, त्यांची पट्टी उंच, लय झपाट्याची, आणि वय मात्र ऐकणाऱ्या शाळकरी मुलींइतकंच. स्पीडचा मुख्य चाहतावर्ग त्यांच्याच वयाच्या मुलींचा होता, ही गोष्ट मी मुद्दाम ठळकपणे सांगतो. आयडॉल म्हटलं की डोळ्यांसमोर जी पुरुषांची गर्दी येते, तिच्यात या मुली झाकल्या जातात.

गाणी लिहायचे हिरोमासा इजिची. शब्द त्यांचे, चालीही त्यांच्याच. त्या काळी तेत्सुया कोमुरो यांच्या हातून आलेल्या गाण्यांनी बाजार व्यापलेला होता, आमुरोसुद्धा त्यांच्याच छत्राखाली होती. स्पीड या छत्राबाहेर राहून वर आली याचं श्रेय मोठ्या प्रमाणात इजिचींना जातं. मुलींचे आवाज त्यांनी फार बारकाईने ऐकले होते. हिरोकोचा आवाज बारीक आणि धारदार, वर चढला की चमकतो, आणि आणखी वर गेला की तुटेल की काय अशी धाकधूक लावतो. एरिकोचा भरीव, थोडा खरखरीत, खालच्या सुरांत घट्ट पाय रोवून उभा. इजिची ओळ एकीला देतात, पुढची दुसरीला, आणि धृपदापाशी दोघींना एकत्र आणतात. मग हे दोन आवाज एकमेकांत विरघळत नाहीत, शेजारी शेजारी धावतात. ताकाको आणि हितोए यांच्याकडे नाच आणि साथीचे आवाज. कागदावर ही विभागणी दुय्यम वाटेल. पण रंगमंचावर गाण्याचा जोर चौघींच्या पायांतून यायचा, आणि हितोए वयाने मोठी असल्याने नाचातलं तिचं वजन वेगळं जाणवायचं.

इजिचींच्या शब्दांबद्दल मात्र मला अस्वस्थता आहे आणि ती इथेच नोंदवतो. सुरुवातीच्या गाण्यांतलं धीट, वयापुढचं बोलणं तिशीतल्या पुरुषाने लिहून बारा वर्षांच्या मुलीच्या तोंडी घातलेलं आहे. त्या मुली ते इतक्या आत्मविश्वासाने गातात की ऐकणारा वाहून जातो. तो आत्मविश्वास त्यांचा स्वतःचा होता, यात मला शंका नाही. शब्द मात्र त्यांचे नव्हते. पुढे 'व्हाइट लव्ह'पासून शब्द मवाळ झाले, त्यात वाट पाहणं आलं, मैत्रीण आली, निरोप आला. ती गाणी मला त्यांच्या वयाला जास्त न्याय देणारी वाटतात. डिसेंबर १९९८मध्ये हिकारू उतादा हिचं पहिलं गाणं आलं. ती ताकाकोपेक्षा अवघ्या पाच दिवसांनी लहान, आणि शब्द-चाल दोन्ही तिची स्वतःची. पंधरा वर्षांची मुलगी स्वतःच्या शब्दांत काय बोलू शकते हे जपानने तेव्हा ऐकलं, आणि स्पीडकडे पाहण्याची नजरही त्यानंतर थोडी बदलली असणार असं मला वाटतं.

'व्हाइट लव्ह' ऑक्टोबर १९९७मध्ये आलं, पहिल्या क्रमांकावर गेलं आणि अठरा लाखांहून अधिक प्रती खपल्या. त्या प्रती कशा दिसायच्या हेही सांगायला हवं, कारण ती वस्तू आता जपानमध्येही जुन्या बाजारातच मिळते. आठ सेंटिमीटर व्यासाची, तळहातात मावणारी सीडी, आणि तिचं पाकीट मात्र लांबट, उभं, तिच्या दुप्पट उंचीचं. पाकिटाच्या आत प्लास्टिकचं तबक. त्याच्या वरच्या अर्ध्यात सीडी, खालचा अर्धा भाग रिकामा. हा खालचा भाग मोडून पाकीट दुमडलं की सगळं चौकोनी होऊन खिशात जायचं. काहीजण ते मोडायचे, काहीजण पाकीट लांबच जपून ठेवायचे. किंमत हजार येनच्या आसपास, म्हणजे शाळकरी मुलीला खाऊच्या पैशांतून परवडेल अशी. नव्वदच्या दशकातलं जपानी गाणं या लांबट पाकिटातून घरोघर गेलं, आणि दशक संपता संपता मोठ्या आकाराच्या सीडीने त्याला बाजारातून घालवलं. स्पीडची कारकीर्द नेमकी या काळात बसते. १९९८ हे जपानी ध्वनिमुद्रण उद्योगाच्या इतिहासातलं सर्वांत भरभराटीचं वर्ष. त्या वर्षी ६०,००० कोटी येनहून अधिक मूल्याच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. तो आकडा पुन्हा कधी गाठला गेला नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत 'माय ग्रॅज्युएशन' आलं, शाळांच्या निरोपसमारंभांच्या तोंडावर, आणि चौदा लाखांच्या वर गेलं. उन्हाळ्यात डोममधले, म्हणजे त्या बंदिस्त मैदानांतले कार्यक्रम झाले, तिथे एका वेळी पन्नास हजारांच्या आसपास माणसं बसतात. ताकाशी मिइके यांनी चौघींना घेऊन 'अँड्रोमीडिया' हा चित्रपट काढला. मरण पावलेल्या मुलीच्या आठवणी संगणकात जिवंत राहतात अशी त्याची कल्पना. चित्रपट मला फसलेला वाटतो, पण मुलींचं वर्षभराचं वेळापत्रक काय असेल याचा अंदाज त्यावरून येतो. डिसेंबरमध्ये आलेला 'मोमेंट' हा निवडक गाण्यांचा संग्रह वीस लाखांच्या पुढे खपला. हिरोको तेव्हा चौदा वर्षांची होती.

मग प्रश्न येतो तो कायद्याचा. जपानच्या श्रम कायद्यानुसार सक्तीच्या शिक्षणाच्या वयातल्या मुलांना रात्री कामाला लावता येत नाही. त्या काळी त्यांच्यासाठी मर्यादा रात्री आठची होती. गाण्याचे मोठे थेट कार्यक्रम तर आठलाच सुरू होत. जुलै १९८८मध्ये श्रम मंत्रालयाने एक परिपत्रक काढलं. तेव्हा हिकारू गेन्जी या किशोरवयीन मुलांच्या गटाचं रात्रीचं टीव्हीवर येणं चर्चेत होतं, म्हणून ते परिपत्रक त्या गटाच्या नावानेच ओळखलं जातं. त्यात कलाकाराला 'कामगार' न मानण्यासाठी चार अटी घातल्या आहेत. मोबदला तासांवर ठरलेला नसावा, कामाच्या वेळेचं नोकरीसारखं बंधन नसावं, करार नोकरीचा नसावा. आणि सर्वांत पहिली अट अशी की त्या व्यक्तीचं गाणं किंवा अभिनय तिच्या कलेमुळे वा लोकप्रियतेमुळे दुसऱ्या कुणाकडून करवून घेता येण्यासारखा नसावा.

ही पहिली अट मी पुन्हा पुन्हा वाचली आहे. जिची जागा दुसरी कुणी घेऊ शकते, त्या मुलीला कायदा रात्री आठला घरी पाठवतो. जिची जागा कुणीच घेऊ शकत नाही, ती कामगारच नव्हे, मग तिला कसली वेळ आणि कसली सुट्टी. गुणी असणं हेच संरक्षण काढून घेण्याचं कारण होतं. परिपत्रक लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मला म्हणायचं नाही; मोठ्या तारकांना गिरणीतल्या कामगाराचे नियम लावणं त्यांना विसंगत वाटलं असेल. पण बारा वर्षांच्या मुलीची लोकप्रियता तिच्या झोपेची गरज कमी करत नाही. स्पीडच्या झगमगाटाकडे पाहताना हा कागद बाजूला ठेवलेला असावा, अशी माझी वाचकांना विनंती आहे.

ओकिनावाकडेही पुन्हा वळायला हवं. सप्टेंबर १९९५मध्ये तिथे तीन अमेरिकी सैनिकांनी बारा वर्षांच्या शाळकरी मुलीचं अपहरण करून तिच्यावर अत्याचार केला. ऑक्टोबरमध्ये गिनोवान शहरात जो निषेध मेळावा झाला त्याला सुमारे ८५,००० माणसं आली. लाख-सव्वा लाखांच्या लोकसंख्येचं गाव जिथे 'मोठं शहर' मानलं जातं, त्या प्रांतात. एप्रिल १९९६मध्ये फुतेन्मा तळ परत करण्याचा करार जाहीर झाला, सप्टेंबरमध्ये तळांच्या प्रश्नावर प्रांताचं सार्वमत झालं. या दोन घटनांच्या मधल्या ऑगस्टमध्ये स्पीडची पहिली सीडी निघाली. तळांविरुद्धचा हा असंतोष आणि ही सीडी यांचा एकमेकांशी कार्यकारणसंबंध जोडणं चुकीचं होईल. तरीही टोकियोतल्या माणसाच्या घरात त्या वर्षी एकाच टीव्हीवर दोन ओकिनावा येत होती: बातम्यांमध्ये कुंपणाबाहेर उभी राहिलेली माणसं, आणि तासाभराने नाचणाऱ्या चार आनंदी मुली. दुसरं ओकिनावा पाहायला सोपं होतं. पुढच्या काळात निळा समुद्र, गाणारी माणसं, मोकळी मनं अशी जी ओकिनावाची प्रतिमा जपानभर विकली गेली, तिच्यात आमुरोचा आणि स्पीडचा वाटा मोठा आहे. त्या प्रतिमेने तिथल्या कितीतरी मुलींना आपल्या जागेचा अभिमान दिला हेही तितकंच खरं. त्याआधीच्या पिढ्यांना टोकियोत गेल्यावर आपलं आडनाव आणि बोलण्याचा हेल लपवावासा वाटे. शिमाबुकुरो, आराकाकी ही ठळकपणे ओकिनावी आडनावं देशभरातल्या मुलींच्या तोंडी रुळली, याचं मोल तिथल्या माणसालाच नीट कळेल.

ऑक्टोबर १९९९मध्ये जाहीर झालं की पुढच्या मार्चअखेर गट विसर्जित होईल. खप पूर्वीइतका उरला नव्हता, पण कोसळलेलाही नव्हता. जपानला अशा निर्णयाची एक आठवण होती. सत्तरच्या दशकात कँडीज या तिघींच्या गटाने ऐन बहरात थांबायचं ठरवलं आणि एप्रिल १९७८मध्ये कोराकुएन मैदानावर शेवटचा कार्यक्रम करून त्या खरोखर थांबल्या. १९९९मध्ये मात्र दुसरा मार्गही तयार झालेला होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मॉर्निंग मुसुमे या गटातून आसुका फुकुदा बाहेर पडली आणि गट थांबला नाही; ऑगस्टमध्ये तेरा वर्षांची माकी गोतो आत आली, सप्टेंबरमध्ये 'लव्ह मशीन' निघालं आणि सोळा लाखांच्या वर खपलं. जाणाऱ्या मुलीसाठी 'ग्रॅज्युएशन'चा सोहळा, येणाऱ्या मुलीसाठी निवडचाचणी, आणि गटाचं नाव मात्र कायम, ही व्यवस्था तिथून घट्ट झाली. आजचे बहुतेक जपानी मुलींचे गट याच व्यवस्थेवर चालतात. मॉर्निंग मुसुमे अजूनही आहे, आणि आज तिच्यात असलेल्या मुलींपैकी कुणीही तेव्हाची नाही.

ही व्यवस्था वाईट आहे असं मी म्हणणार नाही. तिच्यात मुलीला बाहेर पडायला दार असतं, निरोपाचा मान असतो, तिच्या जाण्याने इतरांचं काम बंद पडत नाही. स्पीडला असं दार नव्हतं. हिरोकोच्या जागी दुसरा उंच आवाज बसवून 'व्हाइट लव्ह' गाता आलं नसतं. हितोएशिवाय तिघी उभ्या राहिल्या असत्या तर रंगमंचाची एक बाजू सतत रिकामी दिसली असती. म्हणून एकीला आपली वाट वेगळी दिसू लागली की चौघींनीच थांबायचं, हाच पर्याय उरत होता, आणि तो त्यांनी घेतला. जपानमध्ये ३१ मार्च हा शैक्षणिक वर्षाचा शेवटचा दिवस. त्या मार्चमध्ये हिरोकोच्या वयाच्या मुली सक्तीचं शिक्षण संपवून माध्यमिक शाळेतून बाहेर पडत होत्या आणि हितोएच्या वयाच्या मुली उच्च माध्यमिकमधून. हिरोकोला सोळा वर्षं पूर्ण व्हायला आठवडा बाकी होता. हितोएला एकोणीस पूर्ण व्हायलाही तितकाच. दोघींचा वाढदिवस ७ एप्रिल.

पुढचं थोडक्यात. हिरोको एकटी गात राहिली, पुढे जॅझकडेही वळली. ताकाकोने गाण्याबरोबर अभिनय केला. हितोए हळूहळू या क्षेत्रापासून लांब गेली. २००३मध्ये मुलांसाठी काम करणाऱ्या सेव्ह द चिल्ड्रन या संस्थेच्या मदतीसाठी चौघी पुन्हा एकत्र आल्या, २००८मध्ये आणखी एकदा. ती ध्वनिमुद्रणं मी आवडीने ऐकतो, पण त्यांना या पुस्तकात एकाच प्रकरणाची जागा दिली आहे. एरिकोची वाट सगळ्यांत वेगळी. तिचा मुलगा जन्मतः ऐकू न येणारा. तिने खुणांची भाषा शिकली, त्याबद्दल जाहीरपणे बोलू लागली, आणि जुलै २०१६मध्ये सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षातर्फे संसदेच्या वरच्या सभागृहात निवडून आली. ती आली देशव्यापी यादीतून. त्याच दिवशी ओकिनावाच्या मतदारसंघात तिच्या पक्षाच्या विद्यमान मंत्री आइको शिमाजिरी हरल्या, आणि तळांना विरोध करणारे गिनोवानचे माजी महापौर योइची इहा जिंकले. स्पीडची गोष्ट ओकिनावाच्या गोष्टीपासून वेगळी काढता येत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा मला सापडलेला नाही.

पुस्तकात चौघींच्या खासगी आयुष्यातल्या दुःखांबद्दल काहीही नाही. जपानच्या साप्ताहिकांनी त्यावर पुष्कळ शाई खर्च केली आहे आणि त्यातून त्यांच्या गाण्याबद्दल काडीचंही कळत नाही. गाण्यांचे शब्दही कुठे भाषांतरित करून दिलेले नाहीत. पुण्या-मुंबईत जपानी शिकणाऱ्यांची संख्या आता मोठी आहे. त्यांना ते मुळातून समजतील, आणि बाकीच्यांना आवाज पुरे आहेत. वाचायला घेण्याआधी 'बॉडी अँड सोल', 'व्हाइट लव्ह' आणि १९९८च्या शरद ऋतूतलं 'अलाइव्ह' ही तीन गाणी याच क्रमाने ऐकावीत. मधला काळ सव्वादोन वर्षांचा आहे. एरिकोचा आवाज तेवढ्यात खाली उतरून रुंद होतो, हिरोको वरच्या सुरावर थांबायला शिकते, आणि पहिल्या गाण्यात जो शब्द धसमुसळेपणाने फेकला होता, तसाच शब्द तिसऱ्या गाण्यात ती तोलून ठेवते. पहिलं प्रकरण या फरकापासून सुरू होतं.